कुणीतरी मागायला हवं

दिवाळी अंकाची जमवाजमव आमच्याकडे उन्हाळ्यातच सुरू होते. लेखकांना फोन जातात आणि पलीकडून हमखास एक वाक्य येतं, "यंदा काही सुचतच नाहीये हो." कुणाला आठ दिवस कोकणात जाऊन बसायचं असतं, कुणाला नोकरी संपल्यावर निवांतपणे लिहायचं असतं. कांदिवलीतले नव्यानं लिहू लागलेले तर जागेलाच दोष देतात. स्टेशन, रिक्षाची रांग आणि टॉवर, यावर लिहायचं तरी काय, असं विचारतात. या अंकाच्या कामात हा प्रश्न इतक्यांदा कानावर आला, की संपादकीय त्यावरच लिहायचं ठरवलं.

आधी जागेचं बोलू. के. आर. यू. टॉड या संशोधकाला कांदिवलीच्या जमिनीत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं सापडली. मुंबईच्या अश्मयुगावरचा त्यांचा निबंध 1939 साली प्रसिद्ध झाला. 1920च्या दशकात बॅकबेचा समुद्र बुजवायला दगड गेला तो कांदिवलीच्या खाणीतून. ज्या दक्षिण मुंबईवर कथा-कवितांनी आणि सिनेमांनी इतका जीव लावला, तिच्या पायाखाली आपला दगड आहे. पुढे आकुर्ली रस्त्यावर महिंद्राचा ट्रॅक्टरचा कारखाना आला आणि त्याच्या पाळ्यांवर इथल्या अनेक घरांचं घड्याळ चालू लागलं.

आणि कांदिवलीतलंच चारकोप. जागतिक बँकेच्या साहाय्यानं म्हाडानं 1980च्या दशकात तिथे लहान लहान भूखंड आखून दिले. रस्ता, पाणी, गटार सरकारचं. घर ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे उभं करायचं. साधारण 35 घरांची एक सोसायटी आणि मधे मोकळा चौक. त्याच दशकात, 18 जानेवारी 1982 रोजी, मुंबईतल्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला, तो कधी संपलाच नाही. लालबाग-परळची खोली सोडून उपनगरांकडे सरकलेल्या कितीतरी कुटुंबांनी चारकोपमध्ये बिऱ्हाड थाटलं. येताना त्यांनी गिरणगावाची बोली आणली, भजनं आणली, बाल्या नाच आणला, संपाच्या आठवणीही आणल्या. यातलं कागदावर किती आलं? जयंत पवारांनी 'अधांतर'मध्ये संपानंतरचं गिरणगावातलं एक घर रंगमंचावर उभं केलं. तिथून उठून इकडे आलेल्या घरांचं पुढे काय झालं, ते अजून पुरेसं लिहिलं गेलेलं नाही.

यंदाच्या एका कथेची हकीकत सांगतो. चारकोपच्या एका वाचक भगिनींनी आधी जी कथा पाठवली होती, तिच्यात महाबळेश्वरचं धुकं होतं, बंगला होता, एकाकी चित्रकार होता. भाषा नीटनेटकी, पण कथेत जीव नव्हता. नकार कळवायला फोन केला. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "एक मिनिट थांबा, सासऱ्यांना चहाचं विचारून येते. त्यांच्या समोर जाऊन उभं राहावं लागतं." परत आल्यावर सहज विचारलं, तेव्हा कळलं की सासऱ्यांचा जन्म गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर गेला. साच्यांच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नसे, माणसं एकमेकांचे ओठ वाचत. हळूहळू कान गेले, ओठ वाचायची सवय राहिली. त्यांच्याशी बोलायचं तर चेहऱ्यावर उजेड पडेल असं समोर उभं राहावं लागतं. दिवे गेले की घरातलं बोलणं थांबतं. "भांडायचं झालं तरी समोर उभं राहूनच. पाठ फिरवून पुटपुटलेलं त्यांना कधीच कळलं नाही, म्हणून आमचं घर टिकलं," असं त्या म्हणाल्या. हेच लिहून द्या, असं आम्ही सांगितलं. "यात काय लिहायचंय?" हा त्यांचा प्रश्न. तरीही कथा आली आणि या अंकात ती पहिली छापली आहे. धुक्याची कथा लिहिताना त्यांना जे सुचत नव्हतं, ते सगळं त्यांच्या स्वयंपाकघरात होतं. ते कुणी मागितलं नव्हतं एवढंच.

विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'चा उगम असाच आहे. पार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेली हौशी मंडळी त्यांना भेटली. त्यांचं आपसातलं बोलणं कानावर पडता पडता नाटकाचा आराखडा मनात आकार घेऊ लागला. उपनगराकडे निघालेली चारचौघांसारखी माणसं, थट्टामस्करी, कार्यक्रमाची गडबड. ते बोलणं आणखीही कुणाच्या कानावर पडलं असेल. तेंडुलकरांना मात्र त्यात खेळ म्हणून मांडलेलं आणि एका बाईला खरोखर ठेचून काढणारं न्यायालय दिसलं. नाटक लिहिलं गेलं 1963 साली, 'रंगायन' या नाट्यसंस्थेनं ते 1967 साली रंगमंचावर आणलं.

या हकीकतीचा पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. नाटकाची नायिका लीला बेणारे हिचं शेवटचं स्वगत, ज्यासाठी हे नाटक आणि ती भूमिका करणाऱ्या सुलभा देशपांडे आजही आठवतात, ते तेंडुलकरांना आपणहून लिहायचं नव्हतं. बेणारेला तिचं म्हणणं मांडायला मिळालंच पाहिजे, असा दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांचा आग्रह होता आणि त्या आग्रहापोटी ते उतरलं, असं नाटकाच्या जवळची माणसं सांगत आली आहेत. म्हणजे नाटकाचं बीज वाटेतल्या बोलण्यातून मिळालं आणि त्याचा कळस दुसऱ्याच्या हट्टातून. एवढ्या ताकदीच्या नाटककारालाही मागणारं माणूस लागलं.

का. र. मित्रांनी 1909 साली 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत अशा मागण्याची एक रीतच पडली. तेव्हापासून दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी संपादकांची पत्रं जातात, लेखक कुरकुरतात, तारीख उलटते आणि तरीही लिहिलं जातं. मराठीतल्या कितीतरी चांगल्या कथा आणि लेख अशा तगाद्यातून जन्माला आले. तगाद्याला कमी लेखायचं कारण नाही. आपण लिहिलेलं कुणीतरी वाचणार आहे, वाट पाहत आहे, हे कळलं की रोजचं दिसणारंही माणूस नीट बघू लागतो.

कवितेचं मात्र वेगळं आहे, हे मान्य करतो. ती मागून मिळत नाही. मागून घेतलेल्या कविता बहुधा वाचल्याबरोबर ओळखू येतात. पण तिलाही बैठक लागते. अरुण कोलटकर वर्षानुवर्षं काळा घोड्याच्या वेसाइड इन या उपाहारगृहात बसत, समोरचा रस्ता पाहत. तिथली भटकी कुत्री, झाडूवाल्या, फुटपाथवरचा नाश्ता हे सगळं 2004 साली 'काळा घोडा पोएम्स'मध्ये आलं. एका चौकातून एक अख्खं पुस्तक. कांदिवलीत असे चौक कमी आहेत का?

कमी होत चाललंय ते ऐकणं, आणि त्याची मला खरी काळजी वाटते. लोकलच्या डब्यात भजनी मंडळी असत, बायका भाजी निवडता निवडता घरातलं सगळं एकमेकींना सांगत, दसऱ्याला डबा सजवत. आजही हे आहे, पण शेजारी बसलेल्या दहाजणांच्या कानांत इअरफोन असतात. दिवसभर दमलेल्या माणसाला गाणं ऐकावंसं वाटलं तर त्याला बोल लावता येणार नाही. मात्र ज्याला लिहायचंय, त्यानं स्टेशन ते घर एवढा वेळ तरी कान मोकळे ठेवावेत. शेअर रिक्षात ड्रायव्हर फोनवर गावच्या जमिनीचं बोलत असतो, मागे दोघी कॉलेजच्या फीबद्दल बोलत असतात. पोयसरच्या पुलावर कुणीतरी 2005च्या 26 जुलैच्या पुरात पाणी कुठवर चढलं होतं ते हात वर करून दाखवत असतं.

म्हणून पुढच्या अंकासाठी आत्ताच मागून ठेवतो. गिरणीतून चारकोपला आलेल्या पिढीतली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या समोर बसा. कोणत्या खात्यात होतात, बदली कामगार असताना गेटवर किती वाजता उभं राहावं लागे, घराची पहिली भिंत कुणी बांधली, वरचा मजला कोणाच्या लग्नासाठी चढवला, हे विचारा आणि त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या. खाणीत काम केलेल्यांची, ट्रॅक्टरच्या कारखान्यात पाळ्या केलेल्यांची, चारकोपच्या गावठाणातल्या जुन्या घरांची हकीकतही हवी आहे. व्याकरणाची चिंता करू नका, ते आम्ही पाहू. हस्तलिखित मेअखेरपर्यंत यावं. नाही आलं तर आम्ही फोन करू आणि पुन्हा करू.