वारा पडल्यावरची परवड

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. इशारा आधी मिळाला होता, होड्या परतल्या होत्या, किनाऱ्यावरची माणसे हलवली होती. जीवितहानी त्यामुळेच आटोक्यात राहिली. हवामान खात्याला आणि प्रशासनाला त्याचे श्रेय द्यायलाच हवे. खरी परवड सुरू झाली ती वारा पडल्यावर. विजेचे खांब आडवे, घरांवरचे पत्रे आणि कौले उडालेली आणि पावसाळा दारात. कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले; वीज नाही म्हणून पंप नाही, टॉवर बंद म्हणून फोन नाही.

बागायतदारांचे दुखणे याहून चिवट. श्रीवर्धनी रोठा सुपारीची पोफळ मोडली की नवे रोप उत्पन्नावर यायला वर्षांमागून वर्षे जातात. भरपाई मात्र आधी हेक्टरच्या हिशेबात निघाली. कोकणात वाडी गुंठ्यांत मोजतात, हे मंत्रालयाला कुणी सांगायचे?

१९९९च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गमावलेल्या ओडिशाने निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले; २०१९मध्ये ‘फनी’ येण्याआधी दहा लाखांहून अधिक लोक हलवले. आपल्याकडे ‘निसर्ग’ला वर्ष उलटायच्या आत ‘तौक्ते’ आले आणि इशारा असूनही तेलक्षेत्रावरील कामगारांचा ‘पी-३०५’ तराफा माणसांसकट समुद्रातच राहिला. अरबी समुद्र तापतो आहे. किनाऱ्यालगतच्या वीजवाहिन्या जमिनीखाली नेणे, पक्के निवारे उभारणे, धोकादायक फांद्या मे महिन्याआधी छाटणे, यांचे तालुकावार वेळापत्रक सरकारने आता जाहीर करावे.