हसण्यावारी नेलेला नट

‘मिर्झापूर’ या वेबमालिकेचा दुसरा भाग 2020 साली आला, तेव्हा त्यातल्या दद्दा त्यागीला बघून घरोघरच्या चाळिशी-पन्नाशीतल्या मंडळींना एकदम ओळख पटली. अरे, हा तर आपला लिलिपुट! बिहारमधल्या सिवानचा हा म्हातारा बाहुबली. त्याचे जुळे मुलगे विजय वर्मा यांनी दुहेरी भूमिकेत उभे केले आहेत, आणि दोघेही बापापेक्षा कितीतरी उंच. तरीही घरात धाक बापाचाच. या दराऱ्याला उंचीचा हिशेब लागत नाही, हे प्रेक्षकाने कुरकुर न करता मान्य केले.

लिलिपुट यांचे खरे नाव एम. एम. फारुकी. गयेचा हा तरुण सत्तरच्या दशकात मुंबईला आला. रमेश सिप्पींच्या ‘सागर’मध्ये (1985) तो दिसला, दूरदर्शनच्या ‘विक्रम और बेताल’मध्ये दिसला, पुढे ‘स्वर्ग’मध्ये (1990). 1998 साली आलेल्या ‘वो’ या भयमालिकेत आशुतोष गोवारीकर होते, आणि मुलांची झोप उडवणारा जोकर होता तो लिलिपुट. पण या कारकिर्दीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट पडद्यावर दिसलीच नाही. 1993 साली सुरू झालेली ‘देख भाई देख’ ही मालिका आपण सहकुटुंब बघत होतो. दिवाण कुटुंबाच्या त्या गोंधळावर पोट धरून हसत होतो. तिचे लेखक लिलिपुट होते. ज्या माणसाला बघून लोक हसत, तोच घराघरांतल्या हसण्याचे संवाद लिहीत होता, आणि हे किती प्रेक्षकांना ठाऊक होते? (टोपणनावाचीही गंमत बघा. स्विफ्टच्या कादंबरीत लिलिपुट हे देशाचे नाव आहे, माणसाचे नव्हे.)

ही सवय सिनेमाने शोधून काढलेली नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात विदूषकाचे वर्णनच मुळी ठेंगणा, कुबडा, दात पुढे आलेला असे आहे. मात्र संस्कृत नाटकातल्या विदूषकाला राजाला चार शब्द सुनवायचा अधिकार होता. हिंदी सिनेमाने त्याचे शरीर तेवढे घेतले आणि जीभ मागेच ठेवली. त्यामुळे छोट्या चणीच्या नटाच्या वाट्याला सर्कशीतला जोकर, नायकाच्या टोळीतला गमत्या, नाहीतर भूतपिशाच. के. के. गोस्वामी यांना लोक ओळखतात ते ‘विकराल और गबराल’मधला गबराल म्हणून.

आणि अशी एखादी मोठी, रडवणारी भूमिका लिहिली गेलीच, तर ती जाते कोणाकडे? ‘अप्पू राजा’तला अप्पू कमल हासन यांनी केला, ‘जान-ए-मन’मध्ये (2006) अनुपम खेर ठेंगणे झाले, आणि ‘झीरो’साठी (2018) शाहरुख खान यांना संगणकाच्या करामतीने लहान करण्यात आले. कमल हासन यांची मेहनत थक्क करणारी होती, यात शंका नाही. अभिनय म्हणजे दुसऱ्याच्या कातडीत शिरणे, हा युक्तिवादही खोटा नाही. पण मग हे शिरणे एकाच दिशेने का? उंच नटाने ठेंगण्याची भूमिका केली की कौतुक. ठेंगण्या नटाला वकील, शिक्षक, डॉक्टर, शेजारचे काका अशी साधी भूमिकासुद्धा मिळत नाही. केरळात गिनेस पक्रू यांना ‘अद्भुत द्वीप’मध्ये (2005) नायक केले, अमेरिकेत पीटर डिंकलेज यांनी ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधल्या टिरियनसाठी चार एमी पटकावली. आपल्या नागपूरच्या ज्योती आमगे 2011 साली जगातली सर्वांत लहान चणीची स्त्री म्हणून गिनेस बुकात गेल्या आणि 2014 साली ‘अमेरिकन हॉरर स्टोरी’ या मालिकेत दिसल्या. त्यांचे नाव ऐकले की आपल्याला आजही सेंटिमीटरच आठवतात.

कायदा मात्र पुढे सरकला आहे. 1995 च्या अपंगविषयक कायद्यात सातच प्रकार होते. 2016 च्या कायद्याने ते 21 केले आणि त्यात खुजेपणाचा स्पष्ट उल्लेख आला. प्रौढपणी 147 सेंटिमीटर, म्हणजे चार फूट दहा इंच किंवा त्याहून कमी उंची, ही त्याची व्याख्या. सरकारी नोकरीतल्या राखीव जागांत या मंडळींचा वाटा आहे. सिनेमाच्या धंद्यात अर्थातच राखीव जागा नाहीत, नसाव्यातही. मग 8 जुलै 2024 रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. जे. बी. पारडीवाला यांच्या पीठाने ‘आंख मिचौली’ या चित्रपटावरून झालेल्या याचिकेचा निकाल दिला. न्यायालयाने सरसकट बंदीचा मार्ग धरला नाही, हे बरे झाले. व्यंगाची समज वाढवणारा विनोद आणि व्यंग असलेल्या माणसाला तुच्छ ठरवणारा विनोद यांत फरक करा, हेटाळणीचे शब्द टाळा, आणि असे चित्रण करताना त्या लोकांना सामील करून घ्या, असे त्यांनी सांगितले.

सामील करून घेणे, हाच कळीचा भाग. अंधेरीच्या आरामनगरात रोज ऑडिशनच्या रांगा लागतात. लोकलचा फलाट, बसची पायरी, तिकिटाची खिडकी हे सगळे दुसऱ्याच मापाने बांधलेले शहर ओलांडून चार फुटांचा नटही तिथे पोहोचतो. त्याच्या हातात कोणता कागद पडायचा, ते त्याआधीच लेखकाच्या टेबलावर ठरलेले असते. त्या टेबलाशी नव्वदच्या दशकात लिलिपुट बसले होते, आणि त्यांनी दिवाणांच्या घरातल्या आजोबा-आजी, मुलगे-सुना, नातवंडे अशा सगळ्यांसाठी प्रवेश लिहिले.