वर्गणीदार बंधूंस दोन मागणी

आमचा एक अंक कळंब्यात येतो आणि निदान दहा घरे फिरतो. ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर वाचला जातो, न्हाव्याच्या दुकानात पडतो, तेथून गुऱ्हाळावर जातो आणि शेवटी त्यात कोणाची तरी भाकरी बांधली जाते. याचा आम्हास राग नाही, आनंदच आहे. परंतु दहा जणांच्या उसाला पाणी आणि पाणीपट्टी मात्र एकट्याच्या नावावर, असा व्यवहार किती हंगाम चालेल, हे शेतकरी बंधूंनीच सांगावे.

ही अडचण जुनी आहे. कृष्णराव भालेकरांनी 1877 साली पुण्यास 'दीनबंधु' काढले. पैशाअभावी ते चालेना, तेव्हा 1880 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईस नेऊन उभे केले. पुढे भालेकरांचेच पुत्र मुकुंदराव पाटील यांनी 1910 साली 'दीनमित्र' सुरू केले व नगर जिल्ह्यातील तरवडीसारख्या खेड्यातून ते वर्षानुवर्षे चालविले. खेड्यात पत्र जगते, याला एवढा पुरावा पुरे. शाहू महाराजांनी 1920 साली डॉ. आंबेडकरांच्या 'मूकनायका'स द्रव्यसाहाय्य केले, हे आम्हा करवीरकरांस भूषणच. पण 1922 साली महाराज गेले आणि 1923 साली ते पत्रही थांबले. त्यास इतर कारणेही होती. तरी आज महाराज नाहीत. आता तुम्हीच आहात.

पैशाची गोष्ट एवढीच. दुसरी मागणी मजकुराची, आणि ती अधिक निकडीची आहे.

"आम्हास कोठे लिहिता येते?" ही सबब आता पुरे झाली. काहील केव्हा उतरवावी हे रसाच्या रंगावरून ओळखणाऱ्या गुळव्यास सांगण्यासारखे काही नाही, असे कोण म्हणेल? 2025 साली प्राडा नावाच्या इटलीच्या कंपनीने मिलान शहरी कोल्हापुरी घाटाच्या चपला मिरविल्या आणि आरंभी कोल्हापूरचे नावही घेतले नाही. या चपलेस 2019 सालीच भौगोलिक मानांकन मिळालेले होते. देशोदेशीच्या पत्रांतून रकानेच्या रकाने भरले. पण कातडे कमावण्यास किती दिवस लागतात, वेणी घालण्यात घरच्या बायांचे किती श्रम जातात आणि एका जोडामागे हातात काय उरते, हे त्याच घरातील माणसाने आपल्या सहीने लिहिलेले आमच्या पाहण्यात आले नाही. मग ते लिहावयाचे कोणी?

भगिनींनीही मागे राहू नये. 'दीनबंधु'चे संपादन पतीच्या मागे तानुबाई बिर्जे यांनी केले होते.

वहीच्या पानावर लिहा, नातवाकडून लिहवून घ्या. शुद्धलेखन आम्ही पाहू. आकडे मात्र खरे द्या. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची स्तुती पाठवू नये. तिला चौकातील फलक आहेत.

वर्गणी उसाचे बिल हाती आल्यावर दिली तरी चालेल. नाव मात्र याच आठवड्यात नोंदवावे.