उतरत्या अंगाचे माप

दिवाळी अंकासाठी संपादकांनी लेख मागितला, तेव्हा त्यांच्या मनात फराळ, आकाशकंदील किंवा गेलाबाजार लेखकाच्या बालपणीची दिवाळी असा काहीतरी विषय असावा. मी त्यांना जो लेख पाठवीत आहे तो म्हाताऱ्या माणसांच्या लंगोटावर आहे. लंगोटावरसुद्धा नव्हे, लंगोटावरून घालायच्या, पाणी न झिरपणाऱ्या चड्डीवर आहे. ज्यांना येथेच पान उलटावेसे वाटेल त्यांनी ते खुशाल उलटावे. मात्र त्याआधी आपल्या घरातल्या मागल्या खोलीत एकदा डोकावून यावे, एवढीच विनंती. कारण हा अंक ज्या घरांत जातो, त्यांतल्या पुष्कळ घरांत मागल्या खोलीत असे एक माणूस असते, की जे यंदा लक्ष्मीपूजनाला पुढे येऊन बसणार नाही. पाय दुखतात, धुराने ठसका लागतो, अशी कारणे ते सांगेल. खरे कारण एकच. नवी सतरंजी ओली होईल, ही भीती.

मागल्या वर्षी माझ्या आईने हेच केले. आदल्या वर्षापासून तिचा लघवीवरचा ताबा सुटत चालला होता. आम्हांला ते कळायला कित्येक महिने लागले, कारण तिने त्यावर स्वतःच उपाय शोधला होता. दुपारी चारनंतर ती पाण्याचा घोट घेत नसे. कीर्तनाला जायचे असेल त्या दिवशी तर सकाळपासूनच नाही. पुढे तिने कीर्तनाला जाणेच सोडले. डॉक्टरांनी तपासले तेव्हा त्यांनी प्रथम रागे भरले ते पाणी तोडल्याबद्दल. पाणी कमी प्यायल्याने लघवी थांबत नाही. ती दाट होते, जळजळ वाढते, जंतूंचे फावते आणि मलावरोध होऊन मूत्राशयावर आणखी दाब पडतो. जंतुसंसर्ग होता तो औषधाने गेला. उरला तो वयाचा भाग.

मग मी डायपर आणि त्यावरची चड्डी आणायला बाजारात गेलो. रोज शंभर मुलांसमोर ताठ मानेने उभा राहणारा मी मास्तर, त्या दुकानाबाहेर गिऱ्हाईक कमी होण्याची वाट पाहत उभा राहिलो. आत गेल्यावर दुकानदाराने एकच प्रश्न विचारला, "लार्ज देऊ का सर? मोठाच न्या, मोठा सगळ्यांना बसतो." मीही मान डोलावली. त्याने माल वर्तमानपत्रात गुंडाळला, वर काळी पिशवी घातली आणि मी चोरीचा ऐवज न्यावा तसा तो घरी आणला. आईची काया म्हणजे वाळलेली काडी. त्या चड्डीत ती जणू पोत्यात उभी राहिली. मांडीशी दोन-दोन बोटे फट. अर्ध्या तासात लुगडे भिजले. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ती मागल्या खोलीत बसून राहिली आणि आम्ही पुढल्या खोलीत आरती म्हणत होतो.

या लेखात मी ज्याच्याशी भांडायला निघालो आहे, तो दुकानदार नव्हे. त्याने विचारले नाही हे खरे. पण मला तरी माप कोठे ठाऊक होते? माझे भांडण आपल्या सगळ्यांच्या एका सवयीशी आहे. आपण लेकरांना कपडे घेतो ते वाढत्या अंगाचे. यंदा सैल झाले तर पुढल्या वर्षी बसतील, हा हिशेब. आणि मग म्हाताऱ्यांनाही त्याच हिशेबाने मोठे घेतो. उतरत्या अंगाला वाढत्या अंगाचे माप! पोराच्या विजारीला, पोरीच्या झंपराला, नवरदेवाच्या कोटाला आपण शिंप्याकडे दोनदा फेऱ्या घालतो. पण ज्या वस्त्रावर एका माणसाचे चारचौघांत बसणे अवलंबून आहे, त्याला टेप लावायचे कोणाला सुचत नाही. सुचत नाही असे म्हणणेही खोटेच. सुचते, पण लाज वाटते.

या लाजेचा परिणाम काय होतो तो पाहा. चड्डी सैल असली की मांडीशी फट राहते आणि कुशीवर वळताच सारे बाहेर येते. म्हणून घरातले शहाणे दुसऱ्या खेपेला घट्ट चड्डी आणतात. ती आतला भिजलेला लंगोट ओला पंचा पिळावा तसा पिळते आणि पुन्हा गळतेच. शिवाय कंबरेला व जांघेला काचून वळ उठतात. म्हणून तिसऱ्या खेपेला कोणीच काही आणत नाही. "आईला हे सहन होत नाही," असा निकाल लागतो आणि तिची खाट मागल्या खोलीत जाते. दोष मापाचा, शिक्षा आईला.

वास्तविक यात अवघड असे काही नाही. बेंबीच्या रेषेत कंबर मोजावी, नितंबांचा सर्वांत रुंद घेर मोजावा. दोहोंत जो आकडा मोठा, त्यावरून चड्डी ठरवावी. मांडीचा घेर जांघेलगत वेगळा मोजावा, कारण गळती बहुधा तेथूनच होते. मीडियम आणि लार्ज या अक्षरांवर विसंबू नये. एका कंपनीचे मीडियम ते दुसरीचे लार्ज असू शकते. पाकिटावर इंच किंवा सेंटिमीटर छापलेले असतात, ते वाचावेत. घातल्यावर मांडीचे इलॅस्टिक जांघेच्या घडीत नीट बसले पाहिजे आणि त्याखालून बोट सहज गेले पाहिजे. जे उभे राहू शकतात त्यांना वर ओढायची चड्डी ठीक. जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांना बाजूला टिचबटणे किंवा चिकटपट्टी असलेलीच हवी, नाहीतर प्रत्येक वेळी त्यांचे पाय उचलावे लागतात.

सर्वांत मोठी चूक आमच्या घरी झाली, ती सांगतो. आतल्या कापडाची कड चड्डीबाहेर डोकावत होती. बोटभरच, पण पणतीतली वात जसे तेल ओढून वर आणते, तशी ती कड आतले सारे पाणी बाहेर ओढते. माप बिनचूक असले तरी एवढ्या एका कडेने लुगडे भिजते. तेव्हा घातल्यानंतर चारी बाजूंनी बोट फिरवून कड आत सारावी. दिवाळीत पणत्या लावताना वात बघालच. तिच्याकडे बघून एवढे लक्षात ठेवावे.

कापडाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. साध्या प्लॅस्टिकची चड्डी स्वस्त. पण ती चुरचुर वाजते आणि आमच्या मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात आत घामाचे तळे साचते. त्या आवाजाचे महत्त्व तरुणांना कळणार नाही. देवळात उठताना आपली चड्डी वाजेल या धास्तीने माणूस उठतच नाही. त्यापेक्षा पॉलिएस्टरच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो ते कापड बरे; बाजारात त्याला पीयूएल म्हणतात. ते मऊ असते, वाजत नाही, धुऊन पुन्हा वापरता येते. मात्र ते उकळू नये, ब्लीचमध्ये घालू नये, सावलीत वाळवावे. आणि चड्डी कितीही चांगली असली तरी ती पाणी फक्त अडवते, शोषीत नाही, हे विसरू नये. ती कोरडी दिसते म्हणून आतला लंगोट बदलायचा राहिला, तर कातडी ओलीत कुजते, लाल होते, सोलते. अंथरुणावर असलेल्या माणसाला शय्याव्रण होतात. मळ लागला तर त्या क्षणी बदलायचे. अंग धुऊन, टिपून, थोडा वेळ वारा लागू द्यायचा.

"आमच्या आजीच्या वेळी हे काही नव्हते, जुन्या लुगड्याच्या घड्या होत्या," असे म्हणणारे मला भेटतात. त्यांचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे. जुन्या सुती लुगड्याइतके मऊ कापड कोणत्या कारखान्याने काढले आहे? ती घडी आजही घ्यावी. वर मापाची चड्डी घालावी. रोजच्या डायपरांचा खर्च बराच वाचेल. पण त्या आजी घडी बांधून कोठे बसत होत्या, हेही त्यांनी आठवून पाहावे. ओसरीच्या आत, अंधाऱ्या खोलीत, खाली मेणकापड घालून. मेणकापडाने वाकळ वाचत होती. माणूस वाचत नव्हता.

त्या मेणकापडाला दवाखान्यात मॅकिन्टॉश म्हणतात. चार्ल्स मॅकिन्टॉशने 1823 मध्ये दोन कापडांमध्ये रबराचा थर देऊन पाणी अडवण्याची युक्ती काढली, त्याचे हे नाव. ती युक्ती बिछान्यावरून अंगावर, नेटक्या रूपात आणायचे काम केले एका आईने. अमेरिकेतल्या मॅरियन डोनोव्हनने 1946 मध्ये न्हाणीघराचा पडदा कापून घरच्या शिवणयंत्रावर बाळाच्या लंगोटावरची चड्डी शिवली. टाचण्या काढून टिचबटणे लावली. कारखानदारांनी तिला परत पाठवले. असल्या वस्तूची बायकांनी मागणीच केलेली नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. 1949 मध्ये तिने ती न्यूयॉर्कच्या एका बड्या दुकानात विकायला ठेवली आणि 1951 मध्ये तिला पेटंट मिळाले. मागणी कोणी केली नव्हती याचा अर्थ गरज नव्हती असा नव्हता, हे कारखानदारांना तेव्हा कळले. आपल्या म्हाताऱ्यांनीही मागणी केलेली नाही. ते कधी करणारही नाहीत. जपानात ओजी या कंपनीने 2024 मध्ये देशातले बाळांचे डायपर बंद करून मोठ्यांच्या डायपरांवर भर दिला; आपल्याकडे 2011 च्या जनगणनेतच साठीपुढची माणसे 10 कोटींहून अधिक होती.

आणि आमच्या उमरग्याला हा प्रश्न लांबचा नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे गणपती बोळवून निजलेल्या आमच्या भागात दगडमातीच्या भिंती माणसांवर कोसळल्या. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. त्या पहाटे ज्यांची लेकरे गेली, ते आईबाप तेव्हा चाळिशीत असतील तर आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. ज्यांची लेकरे वाचली, त्यांतली पुष्कळ पुणे-हैदराबाद महामार्गाने एका नाहीतर दुसऱ्या टोकाला पोटापाठी गेली. मागे राहिलेल्यांचे माप घेणार कोण? बहुतेक घरांत उत्तर ठरलेले असते: सून. मुलगा पैसे पाठवतो आणि सून धुते. मुलग्याला आईचे ओले लुगडे धुण्याची लाज वाटते. सुनेला वाटते की नाही, हे कोणी विचारीत नाही.

सरकारलाही विचारायला हवे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार, असे लिहिले आहे. ही चड्डी वस्त्रात धरा किंवा औषधोपचारात, पण धरा. बायकांच्या पॅडवरचा कर 2018 च्या जुलैत उठला, कारण बायकांनी लाज सोडून आवाज उठवला. मोठ्यांच्या डायपरवर 12 टक्के कर चालूच राहिला. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 5 झाला. हे 5 टक्के तरी कशासाठी? म्हातारपण ही चैन आहे काय?

एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. चड्डी आणण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. ताबा अचानक सुटला, जळजळ, ताप किंवा रक्त असले, तर वेळ दवडू नये. मधुमेह, पुरुषांत प्रोस्टेट, पक्षाघात, एखादे औषध, अशी कारणे असतात आणि त्यांतल्या कित्येकांवर उपाय आहे. कटीतळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम अर्नोल्ड केगेल या अमेरिकी डॉक्टरने 1948 मध्ये मांडले. पुष्कळ बायकांना त्यांनी आजही गुण येतो. वय झाले म्हणजे असे व्हायचेच, हे म्हणणे आळशी माणसाचे आहे.

आमच्या घरी पुढे काय झाले ते सांगून थांबतो. दिवाळीनंतर माझ्या बायकोने शिवणाच्या डब्यातला टेप काढला. मी कागद-पेन्सिल घेऊन दाराशी पाठ करून उभा राहिलो. आई म्हणाली, "आता ह्या वयात माप घेऊन काय शिवलालाव मला? झंपर?" आणि आम्ही तिघेही हसलो. त्या घरात त्या विषयावर हसण्याची ती पहिली वेळ. कंबर 30 इंच, नितंब 34. त्या आकड्यांची चिठ्ठी घेऊन मी त्याच दुकानात गेलो, गिऱ्हाइके असतानाच गेलो आणि आकडे मोठ्याने सांगितले. दुकानात नव्हते ते मापाचे त्याने मागवून दिले. मी काळी पिशवी नाकारली. आता धुण्याची पाळी एक दिवस तिची, एक दिवस माझी. पुढल्या एकादशीला आई कीर्तनाला गेली, दोन तास बसली आणि परत येऊन तिने तांब्याभर पाणी मागितले.

वाचकहो, दिवाळीचे कपडे शिवायला टाकताना आपण घरातल्या सगळ्यांची मापे घेतो. यंदा मागल्या खोलीपर्यंत टेप नेऊन या. लक्ष्मीपूजनाला एक पाट जास्त मांडावा लागेल, बाकी काही नाही.