पाकीट उघडण्याआधी

दिवाळी सरली की तुळशीचं लग्न, आणि ते लागलं की लोहारा तालुक्यात सोयरिकींची लगबग. याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडते, तिच्याबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नाही. सुपारी फुटते, याद्या होतात आणि मुलाच्या घरी निनावी पाकीट येऊन पडतं. आता तर होणाऱ्या सासऱ्याच्या मोबाईलवर जुन्या चॅटचे स्क्रीनशॉटच येतात. पाठवणारा बहुधा तोच, ज्याला मुलीनं कधीकाळी विश्वासानं दोन ओळी लिहिल्या होत्या. त्याआधी तिला निरोप गेलेला असतो : "लग्न मोड, नाहीतर सगळं उघडं करतो."

हा धंदा जुना आहे. १८२५ साली लंडनमध्ये हॅरिएट विल्सन हिनं आपल्या आठवणी छापताना जुन्या प्रियकरांकडे नाव गाळण्याचे पैसे मागितले. ड्यूक ऑफ वेलिंग्टननं भीक घातली नाही; तीन वर्षांनी तो पंतप्रधान झाला. आमच्या मुलीचं मात्र कॉलेज सुटतं.

आत्मकथनाला आमचा विरोध नाही. हंसा वाडकरांनी 'सांगत्ये ऐका'मध्ये, मलिका अमर शेख यांनी 'मला उद्ध्वस्त व्हायचंय'मध्ये स्वतःचं आयुष्य मांडलं, त्याची किंमतही स्वतः मोजली. धमकी देणारा ती दुसऱ्याला मोजायला लावतो. दुसऱ्याला उघडं पाडणारा असा मजकूर कितीही सुरेख उतरलेला असो, या अंकात त्याला जागा नाही.

कायदा मुलीच्या बाजूनं आहे. पत्राचा कागद ज्याला ते आलं त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणारीचाच. तिला न विचारता तो छापता येत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. अब्रू घालवण्याचा धाक दाखवून कुणाला काही करायला लावणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हा आहे.

पण पोलीस ठाण्याआधी मुलगी घरच्यांच्या तोंडाकडे बघते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात याच तालुक्यातला सास्तूर परिसर जमीनदोस्त झाला. मागचं मागे ठेवून संसार पुन्हा मांडणं म्हणजे काय, हे या मातीला शिकवावं लागत नाही. म्हणून मुलाकडच्या वडीलधाऱ्यांना कळकळीची विनंती : असं काही आलं तर चारचौघांत वाचू नका, पुढे पाठवू नका. मुलीच्या बापाला जाब विचारू नका. पाठवणाऱ्याचा नंबर तिच्या हाती द्या आणि तक्रार नोंदवायला तिच्यासोबत जा.