दिवा विझला, पण दोष गेला का?

दिल्लीच्या मयूर विहारमध्ये सोसायट्यांच्या आवारात आणि बाहेरच्या रस्त्यांवर गाड्या खेटून उभ्या असतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत महाराष्ट्रात गेलेले एखादे कुटुंब महिन्याभराने परतते, गाडी सुरू करते, तर डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटलेला! गाडी चालतेय ना, म्हणून काहीजण दुर्लक्ष करतात. काहीजण धावतपळत गॅरेज गाठतात. तेथे मेकॅनिक यंत्र लावून दिवा विझवतो किंवा ‘सेन्सर गेलाय’ म्हणून मोठे बिल हाती ठेवतो. मात्र एक प्रश्न विचारायचा राहूनच जातो. कोड कोणता होता?

या दिव्याचे मूळ प्रदूषणाच्या प्रश्नात आहे. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील नव्या गाड्यांना युरो निकष लागू केले आणि कार्बोरेटर मागे पडून संगणकाच्या हुकमाने पेट्रोल सोडणारी इंजिने आली. पुढे ‘भारत स्टेज ४’च्या काळात धुरावर परिणाम करणारे बिघाड स्वतः हुडकून नोंदवणारी व्यवस्था गाड्यांत बसू लागली. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडला की ही नोंद वाचता येते.

कोडची भाषा अवघड नाही. ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स. त्यापुढे शून्य असेल, तर तो सर्व कंपन्यांना समान असलेला कोड. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. पी ०४२० म्हणजे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अपेक्षेइतके काम करत नाही.

मात्र कोड ही तक्रार असते, निदान नव्हे. थर्मामीटर ताप दाखवतो. तो मलेरियाचा की टायफॉइडचा, हे डॉक्टरांनाच तपासावे लागते. पी ०१७१ साठी सेन्सर बदलण्याआधी हवेच्या नळ्या पाहाव्यात. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत उंदीर नळ्या आणि वायरी कुरतडतात. सीएनजी किट नंतर बसवले असेल, तर त्याची जुळणीही तपासावी.

पी ०३०१ साठी तर एक बिनखर्चाची युक्ती आहे. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल, तर पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर लावावी. कोड पी ०३०२ झाला, तर दोषी कॉइलच. तसाच राहिला, तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन यांकडे वळावे. पी ०४२० आला की लगेच महागडा कन्व्हर्टर बदलू नये. सायलेन्सरची गळती, मागचा ऑक्सिजन सेन्सर आणि इंधन न पेटण्याचा दोष आधी तपासावा. तो दोष तसाच राहिला, तर नवा कन्व्हर्टरही खराब होईल.

दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर एक-दोन दिवसांत तपासणी करावी. तो लुकलुकत असेल, तर मात्र वेग कमी करून गाडी सुरक्षित जागी थांबवावी. कारण न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि त्याचा आतला भाग वितळू शकतो. तेल किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर तत्काळ थांबणेच योग्य.

नुसता कोड पुसल्याने दोष जात नाही. उलट बिघाडाच्या क्षणी नोंदवलेला इंजिनाचा वेग आणि तापमानही पुसले जाते, आणि मेकॅनिकच्या हातचा पुरावा जातो. म्हणून कोड पुसण्याआधी तो लिहून घ्यावा. कोणता भाग, कोणत्या तपासणीवरून बदलला, हे विचारावे आणि जुना भाग परत मागावा. दुरुस्तीनंतर काही दिवस गाडी चालवून पुन्हा स्कॅन करून घ्यावे. तेव्हाही कोड परतला नाही, तरच बिलाचे पैसे सार्थकी लागले असे समजावे. दिल्लीच्या हिवाळ्यातल्या धुरकटलेल्या हवेत आपल्या गाडीची भर पडत नाही, हे समाधान वेगळेच!