सत्कार नको, पुस्तक विकत घ्या

शेतकरी बंधूंनो, गावातल्या कुणी आपल्या किल्ल्यावर ऐतिहासिक कादंबरी लिहिली की आपण काय करतो? शाल-नारळ देतो आणि एक प्रत फुकट मागून नेतो. इकडे त्या गड्याने छपाईत सोयाबीनच्या पट्टीचे सगळे पैसे घातलेले असतात. हजार प्रतींचे गठ्ठे माळ्यावर उंदरांच्या तावडीत!

लिहिणाऱ्यालाही दोन शब्द सांगतो. पेरणीआधी ओल बघता ना, तशी छपाईआधी मागणी बघा. आगाऊ नावनोंदणी करा. आता शंभर प्रतीही छापून मिळतात. संपल्या की पुन्हा छापा. आयएसबीएन क्रमांक सरकार फुकट देते, त्यासाठी मध्यस्थाला पैसे मोजू नका. लेखनाचा हक्क कुणाला लिहून देऊ नका. गुंजीकरांची 'मोचनगड' (१८७१) ही मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. तीही आधी मासिकातून भागाभागाने आली होती. तुम्हीही एखादे प्रकरण शाळेत, पारावर, जत्रेत वाचून दाखवा. गोडी लागली की ऐकणाराच गिऱ्हाईक होतो.

आणि सरपंचसाहेब, पंचायतीचे अधिकारी, तुम्हालाही विनंती. १९६७ च्या कायद्याखाली मान्यता असलेल्या वाचनालयांना अनुदान मिळते, त्यात ग्रंथखरेदीही बसते. गावच्या वाचनालयाला दोन प्रती रोखीने घ्यायला सांगा. हाराच्या खर्चात एक पुस्तक येते, हे विसरू नका. चार पैसे परत आले, तर गडी पुढचे पुस्तक लिहील आणि त्याचे शेतही पडीक राहणार नाही.